जेवढे पाहता येईल तेवढेच ठेवावे

जुनी वस्तू घरात ठेवणे आणि जुनी वस्तू राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठेवायला माळा पुरतो. राखायला माणूस लागतो. रत्नागिरीत हा फरक फार लवकर कळतो. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि उरलेल्या महिन्यांत समुद्राचा खारा वारा लोखंडाला सोडत नाही. आमच्या घरात सुमारे साठ वर्षे असलेल्या एका बॅगाटेल बोर्डाची राखण करताना श्रावकाच्या आचाराशी संबंधित काही प्रश्न उभे राहिले. ते वाचकांपुढे मांडावेत, असे अनेक दिवस मनात होते.

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना बॅगाटेल आठवत असेल. सुमारे अडीच फूट लांबीची, वरच्या बाजूला कमानीसारखी गोलाकार अशी ही फळी असते. तिच्यावर ठरावीक अंतराने पितळी चुका ठोकलेल्या असतात. मध्ये खळगे असून प्रत्येकाशी गुणांचा आकडा लिहिलेला असतो. उजवीकडच्या अरुंद पन्हाळीत पोलादी गोळी ठेवायची, स्प्रिंगचा दट्ट्या मागे ओढून सोडायचा. गोळी कमानीवरून वळसा घेते आणि खिळ्यांवर आपटत, वाट शोधत एखाद्या खळग्यात विसावते किंवा तळाला जाते. आमचा बोर्ड वडिलांनी १९६० च्या दशकात मुंबईत घेतला आणि भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रत्नागिरीस आणला. चौकट सागवानी, पृष्ठभाग प्लायवुडचा, चुका पितळेच्या आणि गोळ्या दहा. त्या काळी अशा बोर्डांची अपूर्वाई नव्हती. आज आख्खा, सरळ आणि खेळता येण्याजोगा बोर्ड शोधू गेल्यास सहसा मिळत नाही, कारण एक खिळा वाकला, चार गोळ्या हरवल्या की अशा वस्तूची रवानगी अडगळीत होते आणि अडगळीतून भंगारात.

राजवाड्यापासून पिनबॉलपर्यंत

या साध्या फळीची वंशावळ मोठी आहे. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याचा भाऊ काउंट आर्त्वा याने १७७७ साली पॅरिसजवळ बॅगाटेल नावाचा छोटा राजवाडा बांधला. राणी मारी आंत्वानेतशी लावलेल्या पैजेखातर तो अवघ्या दोन महिन्यांच्या सुमारास उभा राहिला. त्या वाड्यावरूनच या खेळाला नाव मिळाले, असे सांगितले जाते. आरंभी हा खेळ लांबट मेजावर काठीने चेंडू ढकलून खेळत. १८७१ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथील माँटेग्यू रेडग्रेव्ह याने बॅगाटेलमधील सुधारणांचे पेटंट मिळवले. काठीच्या जागी स्प्रिंगचा दट्ट्या आला, चेंडू लहान झाले आणि मेज उतरते झाले. आपल्या घरातील बोर्डाचा सांगाडा हाच.

पुढे १९३१ मध्ये डेव्हिड गॉटलीब याने ‘बॅफल बॉल’ हे नाणे टाकून खेळायचे यंत्र बाजारात आणले. मंदीच्या काळात एका पेनीत मिळणारी ही करमणूक विलक्षण लोकप्रिय झाली. या यंत्रांना पुढे पिनबॉल म्हणू लागले; त्यातील ‘पिन’ म्हणजे आपल्या बोर्डावरचे हेच खिळे. चेंडू मनासारखा वळावा म्हणून लोक यंत्रालाच धक्के देऊ लागले, तेव्हा हॅरी विल्यम्स याने धक्का लागताच खेळ थांबवणारी ‘टिल्ट’ची योजना केली. १९४७ च्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात खाली येणारा चेंडू पुन्हा वर मारणारे दांडे, म्हणजे फ्लिपर आले, आणि खेळ नशिबाकडून कौशल्याकडे वळला. ज्यांनी अशी यंत्रे कधी पाहिली नाहीत, त्यांनीही विंडोज एक्सपीच्या काळात कार्यालयातील संगणकावर ‘स्पेस कॅडेट’ नावाचा पिनबॉल जेवणाच्या सुट्टीत पाहिला असेल.

खेळ की जुगार?

आपल्या परंपरेने सांगितलेल्या सप्त व्यसनांत द्यूताचा क्रमांक पहिला आहे. त्यामुळे जैन घरात अशा खेळाला स्थान असावे का, हा प्रश्न अप्रस्तुत नाही. हाच प्रश्न न्यूयॉर्क शहरालाही पडला होता. महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांच्या कारकिर्दीत, जानेवारी १९४२ मध्ये, पिनबॉल हा जुगार ठरवून त्यावर बंदी आली. हजारो यंत्रे जप्त झाली आणि त्यांतील कित्येक घणाने फोडली गेली. ही बंदी १९७६ पर्यंत टिकली. त्या वर्षी रॉजर शार्प या तरुण लेखकाने नगरपालिकेच्या सदस्यांपुढे यंत्र खेळून दाखवले. चेंडू कोणत्या मार्गाने जाईल हे त्याने आधी सांगितले आणि चेंडू त्याच मार्गाने गेला. त्यानंतर बंदी उठली.

या प्रसंगातून माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट होते. खिळे आणि गोळी यांत दोष नाही. दोष पणात आहे. आमच्या घरी वडिलांनी पहिल्याच दिवशी नियम घातला होता की या बोर्डावर पैसा तर नाहीच, गोळी-बिस्किटाचाही पण लावायचा नाही. आपल्या पूर्वजांना खेळ वर्ज्य नव्हता. ज्ञानबाजी या पटावर सत्कर्माच्या शिड्या आणि दुष्कर्माचे सर्प आहेत, आणि पर्युषणाच्या दिवसांत तो खेळण्याची रीत अनेक ठिकाणी होती. पण नाही, हाव नाही, तर खेळ हा विरंगुळाच राहतो.

दोन पंचम्यांच्या मध्ये

आता राखणीकडे वळू. आपल्याकडे वस्तू राखण्याचे शास्त्र ग्रंथभांडारांनी फार पूर्वी सिद्ध केले आहे. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी, तर श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी साजरी होते. ज्ञानाचे पूजन हा दोन्ही दिवसांचा आत्मा आहे. त्याबरोबरच हस्तलिखिते बाहेर काढणे, झटकणे, पाहणे, वेष्टने बदलणे हीही या दिवसांची जुनी वहिवाट आहे. एक पंचमी पावसाच्या उंबरठ्यावर येते, दुसरी पाऊस सरल्यावर. पोथीच्या पावित्र्याशी खेळाच्या फळीची बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही. पण पद्धत शिकण्यासारखी आहे. आम्ही ती तशीच उचलली आहे.

श्रुतपंचमीच्या सुमारास बोर्ड बंद होतो. गोळ्या बाहेर निघतात, फळी कोरड्या मऊ पूंजणीने झाडली जाते, आणि बोर्ड सुती कापडात गुंडाळून आतल्या खोलीत लोखंडी घडवंचीवर आडवा ठेवला जातो. आडवा ठेवण्याला कारण आहे. भिंतीशी तिरका टेकवलेला बोर्ड स्वतःच्या वजनाने हळूहळू वाकतो, आणि वाकलेल्या फळीवर गोळी नेहमी एकाच बाजूला ओढली जाते. बाहेरच्या भिंतीपासून हातभर अंतर ठेवावे, कारण जांभ्या दगडाची भिंत पावसाळ्यात पाणी शोषते आणि ओल आत देते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधणे सर्वांत वाईट. आत अडकलेली दमट हवा गारव्याने पाण्याचे थेंब धरते. कापड हवा खेळू देते. ओल शोषण्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी पडतात, मात्र त्या अधूनमधून तापवून कोरड्या कराव्या लागतात, अन्यथा त्यांचा उपयोग संपतो.

दमटपणा हा केवळ लाकडाचा शत्रू नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की लाकडावर, कापडावर बुरशी धरते. आपल्या दृष्टीने बुरशी म्हणजे अनंत जीवांची उत्पत्ती. ती झाल्यानंतर पुसणे ही हिंसा, आणि न पुसावी तर वस्तू जाते. म्हणून एकच मार्ग उरतो: ती होऊच देऊ नये. साधुसाध्वी वर्षावासात विहार थांबवतात, ते याच जीवोत्पत्तीच्या विचाराने. खोलीत लावलेला आर्द्रतामापक ही शे-पाचशे रुपयांची वस्तू आहे. परंतु यतनेचे ते आजच्या काळातील एक साधनच मी मानतो.

पावसाळ्यात दर चतुर्दशीला कापड उघडून बोर्ड पाहिला जातो. पाक्षिक प्रतिक्रमणाचा दिवस असल्याने तो विसरला जात नाही. दिवाळीनंतर ज्ञानपंचमीच्या सुमारास बोर्ड पुन्हा दिवाणखान्यात येतो.

खिळा, गोळी, स्प्रिंग

बोर्डाचे प्राण खिळ्यांच्या अंतरात आहेत. दोन खिळ्यांमधील अंतर किंचित बदलले तरी गोळीची वाट बदलते. वाकलेला खिळा हातोडीने कधीही सरळ करू नये. बारीक टोकाच्या पक्कडीने तो अगदी बुडाशी धरावा आणि हलक्या हाताने, थोडा थोडा वळवावा. उपटून पुन्हा ठोकल्यास भोक सैल होते आणि खिळा पुढे कायमचा डुलत राहतो. पितळेवर खाऱ्या हवेने हिरवट थर येतो. तो पाहून चिंच किंवा लिंबू लावण्याचा मोह होतो. भांड्यांना ते ठीक. येथे आंबट पाणी खिळ्याच्या बुडातून लाकडात मुरते. पितळ घासण्याची पावडरही नको, कारण तिचा पांढरा गाळ बुडाशी साचून राहतो. कोरडे सुती कापड पुरेसे आहे. खिळा सोन्यासारखा चमकण्याची गरज नाही. तो सरळ आणि घट्ट असला की झाले.

गोळ्यांचे वैरी म्हणजे हाताचा घाम. खेळ संपल्यावर त्या पुसून, वेगळ्या डबीत ठेवाव्यात. गंजलेल्या गोळीला बारीक खड्डे पडतात आणि ती प्रत्येक फेरीत फळीचा रंग खरवडते. हरवलेल्या गोळीच्या जागी दुसरी घ्यायची असेल तर उरलेल्या गोळीचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजून बेअरिंगच्या दुकानात तोच आकार मागावा. कोकणात स्टेनलेस स्टीलची गोळी अधिक टिकते. मात्र सर्व गोळ्या एकाच धातूच्या असाव्यात, म्हणजे वजनात फरक पडत नाही.

स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत ठेवू नये; तिचा जोर ओसरतो. दट्ट्या अडकू लागला तर तेल घालणे हा आपला सहजस्वभाव. तेलाला धूळ चिकटते आणि डाग लाकडात उतरतो. त्याऐवजी पेन्सिलीचे शिसे, म्हणजे ग्रॅफाइट, दांड्यावर कोरडेच घासावे. शेवटी उतार. बोर्ड डावीउजवीकडे समपातळीत आहे की नाही हे गवंड्याच्या पाणसळीने पाहावे आणि खालच्या पायांना आवश्यक तेवढ्या पुठ्ठ्याच्या चकत्या द्याव्यात.

पॉलिश आणि भुंगा

खरी कसोटी दोन वेळा आली. पहिली पॉलिशच्या निमित्ताने. चौकटीचा तजेला गेला होता, म्हणून एका कारागिराला बोलावले. त्याने जुन्या पद्धतीचे फ्रेंच पॉलिश सुचवले. जुन्या वस्तूंचे जाणकारही हेच सांगतील, कारण मूळ वस्तूला मूळ द्रव्यच शोभते. परंतु फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी, आणि चपडी लाखेपासून होते. लाख ही झाडाच्या फांद्यांवर राहणाऱ्या सूक्ष्म कीटकांच्या स्रावापासून तयार होते, आणि ती मिळवताना असंख्य कीटकांचा नाश होतो. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याचा स्वतंत्र उल्लेख आहे, तो याचमुळे. मेणाचा विचार केला तर मधमाशीचे मेण आले. जुने सुतार सांधे जोडण्यासाठी वापरत तो सरस तर जनावरांच्या कातड्या-हाडांचा. एका लहानशा चौकटीत एवढे प्रश्न दडलेले असतील, याची कल्पना आपल्याला सहसा नसते.

अखेर निर्णय असा झाला की जुन्या थराला हात लावायचा नाही. साठ वर्षांपूर्वी जे लागले ते लागले; नवी मागणी आपल्याकडून निर्माण होऊ नये. सैल झालेला सांधा कृत्रिम पांढऱ्या गोंदाने बसवला. घासून गेलेल्या कडांना कार्नोबा मेणाचा पातळ हात दिला. हे मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते, आणि परदेशातील पिनबॉलचे मालक आपल्या यंत्रांच्या पृष्ठभागावर तेच वापरतात. घेताना डबीवर केवळ कार्नोबा आहे ना, हे वाचून घ्यावे. पुष्कळदा त्यात मधमाशीचे मेण मिसळलेले असते. जाणकारांचा आग्रह मूळ रूप जपण्याचा आणि आपला आग्रह अहिंसेचा. तरी दोन्ही वाटा शेवटी ‘कमीत कमी हस्तक्षेप’ या एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या.

दुसरी कसोटी भुंग्याची. एका चतुर्दशीला चौकटीच्या डाव्या पट्टीखाली पिठासारखा बारीक भुसा दिसला. जवळ पाहिले तर टाचणीच्या डोक्याएवढी तीन छिद्रे. भोकांत पिचकारीने औषध सोडा, म्हणजे काम संपेल, असा सल्ला मिळाला. काम संपले असते, पण कोणाचे? घरात दोन दिवस यावर चर्चा झाली. नंतर सुताराकडून तेवढी एक पट्टी अलगद सोडवून घेतली आणि परसातील फणसाच्या मुळाशी, पाचोळ्यात, पाऊस लागणार नाही अशा आडोशाला ठेवली. आतील जीवांचे आयुष्य त्यांच्या क्रमाने पुरे होवो. चौकटीला जुन्या सागवानाची नवी पट्टी बसली. शेजारच्या पट्टीत कीड गेलेली दिसली नाही. हा परिपूर्ण अहिंसेचा मार्ग होता असा दावा मी करणार नाही. गृहस्थाला आरंभी हिंसा सर्वस्वी टळत नाही. पण संकल्प करून मारण्याची वेळ आली नाही, ती केवळ वेळेवर पाहिल्यामुळे. तेव्हापासून कापडात वेखंडाच्या पुरचुंड्या असतात. ग्रंथभांडारांतही हा उपाय जुनाच आहे. वासाने कीटक दूर राहतात.

दुसरे यंत्र

बोर्डाची कीर्ती नातेवाइकांत पसरली आणि दोन वर्षांपूर्वी मुंबईहून निरोप आला: एक जुने, विजेवर चालणारे पिनबॉल यंत्र विक्रीस आहे, किंमतही आवाक्यातली आहे, तुमच्याइतके जपणारा दुसरा कोण मिळणार? मोह झाला. मुलाने छायाचित्रे मोठी करून दाखवली. रंगीत काच, गुणांची फिरती चक्रे, घंट्या.

मग त्या यंत्राची माहिती काढली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रॉनिक यंत्रे येईपर्यंत पिनबॉलचा सगळा हिशेब रिले, विद्युत्-चुंबक आणि शेकडो स्विचेस यांवर चाले. प्रत्येक स्विचच्या पात्यांमधील अंतर केसभर बदलले तरी गुण नोंदले जात नाहीत. पात्यांवर हवेने थर येतो, तो खरवडून काढावा लागतो. रबरी कडी वाळून तडकतात. दिव्यांच्या उष्णतेने काचेवरील रंग सोलतो. यंत्राचे वजन शंभर किलोच्या आसपास असते. ते अमेरिकन विजेच्या दाबासाठी बनलेले असल्याने आपल्याकडे वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो. दुरुस्तीचा जाणकार रत्नागिरीत नाही. आणि मुख्य म्हणजे, त्या लाकडी पेटीच्या अंतर्भागात, तारांच्या जंजाळात, काय उपजते आहे हे दर पंधरवड्याला पाहणे अशक्य.

सौ. ने सर्व ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “अहो, याचं पडिलेहण कोण करणार?”

पडिलेहण, अर्थात प्रतिलेखन, हा साधूंचा नित्याचार आहे. आपली वस्त्रे, पात्रे, आसन रोज बारकाईने पाहायचे. त्यात जीव नाही ना याची खात्री करायची. पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समिती हेच सांगते: वस्तू उचलताना पाहून उचलावी, ठेवताना पाहून ठेवावी. साधूंची उपकरणे मोजकी असतात, त्याचे एक कारण त्या प्रश्नाने मला उमगले. जेवढे रोज पाहता येते, तेवढेच जवळ ठेवता येते.

श्रावकासाठी परिग्रह-परिमाण व्रत आहे. बाह्य परिग्रहाच्या नऊ प्रकारांत शेती, घर, सोने, धान्य यांच्या शेवटी ‘कुप्य’ येते, म्हणजे भांडीकुंडी आणि घरगुती सामान. आपण मर्यादा घालतो ती बहुधा सोन्याची आणि जमिनीची. कुप्याकडे कोणी पाहत नाही. आणि माळे भरतात ते नेमके कुप्यानेच. ही मर्यादा किती असावी, याचे माप मला त्या दिवशी मिळाले. पैसा किती आहे हे माप नव्हे, जागा किती आहे हेही नव्हे. पंधरा दिवसांतून एकदा जी वस्तू उघडून, हाताळून, पाहून ठेवता येते ती आपली. बाकीच्या वस्तूंचे आपण फक्त नावाचे मालक. बँकेत लोक ‘सेफ कस्टडी’त वस्तू ठेवत. बँक तिची मालक नसे, परंतु जबाबदारी पूर्ण असे. नोंदवहीत तिच्यासमोर किंमत लिहिली जात नसे, स्थिती लिहिली जाई. घरातील जुन्या वस्तूंकडे त्या नजरेने पाहिले तर आसक्ती कमी होते आणि काळजी वाढते.

मुंबईचे यंत्र आम्ही घेतले नाही. ते राखू शकेल अशा एका तरुण अभियंत्याकडे ते गेले, हे कळल्यावर समाधान वाटले.

श्रुतपंचमी वर्षातून एकदा येते. त्या सुमारास प्रत्येक घराने माळ्यावरची एक एक वस्तू खाली उतरवून पाहावी. जी राखता येईल ती पुसून, कोरडी करून, हवेशीर ठेवावी. जी राखता येणार नाही ती कीड लागण्यापूर्वी, चांगल्या स्थितीत असतानाच, राखणाऱ्या हाती द्यावी. त्यात दानही आहे आणि अहिंसाही. आणि एखाद्या माळ्यावर खिळे ठोकलेली, कमानीच्या आकाराची फळी सापडलीच, तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी तिच्यावर एक गोळी सोडून पाहावी. खिळे सरळ असतील, तर नातवंडे पुढची दोन तास मोबाइल मागणार नाहीत.